आधी बंपर उतरवा, मग बोला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाडीला किरकोळ धक्का बसून बंपर फुटला की कार्यशाळेच्या दारातच निकाल लागतो: ‘बदलावा लागेल.’ काउंटरवरचा मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारतो, तड्यावरून बोट फिरवतो, हातातल्या टॅबलेटवर चार टिचक्या मारतो आणि खर्चाचं अंदाजपत्रक तयार. तोपर्यंत बंपरचा एक स्क्रूही सैल झालेला नसतो. माझी तक्रार नेमकी एवढ्याचीच आहे. बंपर ठेवायचा की टाकायचा हे ज्यावरून ठरतं, त्यातलं बरंचसं त्याच्या आतल्या बाजूला असतं. ती बाजू न बघता निकाल देणं म्हणजे रोग्याचा शर्टही न काढता ऑपरेशनची तारीख देणं.

मी गाड्या दुरुस्त करणारी नाही. माझी नोकरी इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. साच्यातून निघालेला माल पास करायचा की भंगारात टाकायचा, एवढंच माझं काम. आमच्याकडे बंपर होत नसत, पण बंपर ज्या जातीच्या प्लास्टिकचा असतो ते रोज हाताखालून जायचं. त्यामुळे ‘फायबर आहे मॅडम, फुटलं की संपलं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. काच फुटली की संपते. हे प्लास्टिक तसं नाही.

झालं असं, की सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला मागून एक उंच गाडी टेकली. टेकली असंच म्हणेन, कारण वेग माणसाच्या चालीइतका असेल नसेल. चालवणारे गृहस्थ सभ्य होते. खाली उतरले, चूक कबूल केली, दोघांनी आपापले फोटो काढले, विषय संपला. माझ्या मागच्या बंपरचा उजवा कोपरा आत गेला होता, खालच्या कडेपासून वीतभर तडा वर चढला होता आणि चाकाच्या कमानीपाशी बंपर बॉडीपासून सुटून बोट जाईल एवढी फट पडली होती. शिवाय वर एक लांबलचक पांढरा ओरखडा.

कार्यशाळेत निकाल वर सांगितला तसाच लागला. कारण विचारलं तर, ‘लॉक तुटलेत, कोपरा आता बसणार नाही.’ लॉक बघितले का? ‘अनुभवावरून सांगतो.’ मी म्हटलं, उतरवून दाखवा. ‘त्याचं लेबर वेगळं लागेल.’ लागू दे म्हटलं.

शेवटी एका वयस्कर मेकॅनिकला पाठवलं. त्यानं चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, डिकी उघडून वरच्या क्लिपा सोडवल्या, खालून दोन-तीन बोल्ट काढले, पार्किंग सेन्सरच्या वायरचा सॉकेट हलक्या हातानं सोडवला आणि सबंध बंपर एखादी गोधडी उचलावी तसा दोघांनी उचलून जुन्या चादरीवर पालथा घातला. याला फार वेळ लागला नाही. मुलाला एव्हाना दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं, त्यामुळे मला आणि मेकॅनिकला निवांत बघता आलं.

आता काय दिसलं ते सांगते. कोपऱ्यावर बंपर बॉडीला अडकतो तो एका वेगळ्या प्लास्टिकच्या पट्टीत. ही पट्टी बॉडीला स्क्रूनं बसवलेली असते आणि बंपरच्या कडेच्या खाचा तिच्या कानांत अडकतात. तुटले होते ते पट्टीचे कान. बंपरच्या खाचा जशाच्या तशा होत्या. एकीची कड जराशी पांढरी पडली होती, म्हणजे ताण बसला होता, पण चीर नव्हती. फट पडली होती ती या पट्टीमुळे, आणि पट्टी सुटी मिळते. अंदाजपत्रकात तिचं नावही नव्हतं, कारण ‘असेंब्ली’ म्हटलं की सगळं त्यात आलंच.

पुढे फोमचा ठोकळा. बंपरचं कव्हर आणि आतली आडवी बीम यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत हा असतो. माझ्या गाडीत होता तो फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. अंगठा रुतवला की दबतो आणि सोडला की परत फुगतो. कोपऱ्याकडच्या बाजूला हात फिरवून बघितला, तडा नव्हता. हा ठोकळा भेगाळला किंवा त्याचा तुकडा पडला असेल तर तो बदलावाच, तिथे काटकसर करू नये, कारण पुढच्या धक्क्याला खरं काम तोच करणार असतो. त्यामागची बीम सरळ होती. ती गाडीला जिथे जोडलेली असते तिथे दोन्ही बाजूंना धक्का खाऊन चुरमडण्यासाठीच केलेले डबे असतात. त्यांच्या रंगाला सुरकुती नव्हती. मेकॅनिकनं स्वतःहून डिकीतलं स्टेपनीचं चाक उचललं आणि खालच्या पत्र्याला टॉर्च मारला. तिथे पत्र्याला पन्हळ पडली असती किंवा सांध्यातलं सीलंट फाटलं असतं तर धक्का आतपर्यंत गेला असं समजायचं, असं तो म्हणाला. पुढे पाऊस-धुलाईचं पाणी डिकीत येतं ते तिथूनच. सगळं कोरडं आणि सपाट होतं.

आणखी एक वस्तू मला त्यानंच दाखवली, तोवर मला ठाऊक नव्हती. मागच्या बंपरच्या कोपऱ्याआड बॉडीला पातळ रबरी झडपांची एक चौकट बसवलेली होती. आपण दार आपटतो तेव्हा आतली हवा तिथून बाहेर पडते. कोपऱ्यावर धक्का बसून ती चौकट जागची हलली की धूळ आणि धुराचा वास गाडीत येऊ लागतो आणि माणूस एसीचा फिल्टर बदलत बसतो. माझी चौकट एका बाजूनं निसटली होती. त्यानं तळहातानं दाबली, टक् आवाज आला, बसली. बंपर न उतरवता नवीन मागवला असता तर तो बसवताना हे कुणाच्या लक्षात आलं असतं का, सांगता येत नाही.

आणि मग माझ्या आवडीची गोष्ट. बंपरच्या आत उभारलेल्या अक्षरांत प्लास्टिकची जात लिहिलेली असते. माझ्यावर ‘पीपी + ईपीडीएम - टीडी२०’ असं होतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी मिसळलेलं रबर आणि २० टक्के टाल्कची पूड. हे प्लास्टिक तापवलं की वितळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. त्यामुळे त्याच जातीची कांडी घेऊन त्याला वेल्डिंग करता येतं. ‘पीयूआर’ असं लिहिलेलं असेल तर ते पॉलियुरेथेन. ते असं वितळून सांधत नाही, त्याची पद्धत वेगळी. तुकडा पाण्यात टाकून तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, अशी एक परीक्षा सांगतात. साध्या पॉलिप्रॉपिलीनला ती लागू पडते, पण इतकं टाल्क भरलेलं असेल तर तेही बुडतं आणि आपण फसतो. अक्षरं वाचावीत, पाण्याची बादली बाजूला ठेवावी.

इतक्या हळू बसलेल्या धक्क्यात बंपर फुटतोच कसा, असं लोक चिडून विचारतात. हल्लीच्या गाड्या म्हणजे कागद, असंही म्हणतात. यात थोडं तथ्य आहे आणि थोडा गैरसमज. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून मोटारीच्या पुढच्या बंपरनं ताशी ५ मैलांची, म्हणजे साधारण ८ किलोमीटरची धडक सोसावी आणि दिवे वगैरे शाबूत राहावेत असा नियम आला. लगेचच मागच्या बंपरसाठीही ताशी ५ मैलांचीच अट झाली. म्हणून त्या काळातल्या तिकडच्या गाड्यांना पुढेमागे ओंडक्यासारखे बंपर दिसतात. १९८२ मध्ये ही मर्यादा ताशी अडीच मैलांवर आणली. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला ४२ क्रमांकाचा नियमही समोरासमोरच्या धक्क्याला ताशी ४ किलोमीटर आणि कोपऱ्याला अडीच किलोमीटर एवढ्याचीच चाचणी मागतो. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते, तेव्हा ४ आणि ८ मधला फरक वाटतो तेवढा लहान नाही. त्यात अमेरिकेतला तो नियम मोटारींपुरता होता, उंच गाड्यांना तो नव्हताच. दोन गाड्यांचे बंपर एका उंचीवर आले नाहीत की एकाची बीम दुसऱ्याच्या बीमला भेटतच नाही, थेट नुसत्या कव्हरवर येते. माझ्या बाबतीत तेच झालं. पण बाहेरचं कव्हर हे मुळात रंगवलेलं आवरण आहे. तडा गेला म्हणून गाडी कच्ची ठरत नाही, आणि कव्हर अखंड दिसतं म्हणून आतली बीम सरळ आहे असंही नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण प्लास्टिक मार खाऊन परत बाहेर येतं आणि काही झालंच नाही असा चेहरा करून बसतं.

दुरुस्ती कशी झाली? त्या कार्यशाळेत प्लास्टिकचं वेल्डिंग करणारं कुणी नव्हतं. हे त्यांनी आधीच सांगितलं असतं तर माझा काहीच आक्षेप नव्हता. ‘आमच्याकडे ही सोय नाही’ आणि ‘हे दुरुस्त होत नाही’ ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. गिऱ्हाइकाला दुसरंच ऐकवलं जातं.

नवीन पट्टी तिथेच बसवली आणि बंपर प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे नेला. दबलेल्या कोपऱ्यावर त्यानं आधी उकळतं पाणी ओतलं आणि आतून जाड हातमोजा घालून दाबलं. दुसऱ्या किटलीला कोपरा बाहेर आला, लगेच गार पाण्याचा फडका. हीट गननं हे काम लवकर होतं, पण तिच्या तोंडाशी काही शे अंश तापमान असतं आणि पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. उकळतं पाणी १०० च्या वर जात नाही. घरी कुणाला करून बघायचं असेल तर पाणीच बरं, फक्त सेन्सर आणि दिव्यांपासून दूर, आणि हात सांभाळून. गार प्लास्टिकला नुसता गुडघा लावला तर कोपरा बाहेर येईलही, पण त्यावरचा रंग कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो.

तड्याच्या टोकाला त्यानं बारीक भोक पाडलं. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात बंपर बिनधास्त द्यावा. तड्याच्या टोकाशी सगळा ताण एकवटलेला असतो. गोल भोक पाडलं की तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग तड्याच्या कडा तासून खाच केली, आतल्या बाजूनं स्टीलची जाळी वितळवून बसवली, तीवर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी भरली, मग बाहेरून भरली. जिथे हे न करता दोन नळ्यांचा कडक इपॉक्सी फासतात किंवा पत्र्यावर लावायची पुट्टी भरतात तिथे ते टिकत नाही. बंपर लवतो, पुट्टी लवत नाही. मग खपली निघते आणि लोक म्हणतात, बघा, प्लास्टिक दुरुस्त होत नाही.

पांढरा ओरखडा तर ओरखडा नव्हताच. तो समोरच्या गाडीचा रंग होता, माझ्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, चढलेला. पॉलिशनं पुसला गेला, खाली दोन पुसट रेघा उरल्या. नख फिरवून बघावं. अडकलं नाही तर बहुतेक वेळा पॉलिशवर भागतं. एवढ्यासाठी सबंध बंपर रंगवणारे मी पाहिले आहेत.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवीन बंपर घ्यायला लोक तयार होतात ते ‘नवीन म्हणजे कंपनीचा रंग’ या समजुतीवर. सुटा मिळणारा बंपर बहुतेक वेळा रंगवलेला नसतोच. तो काळा किंवा प्रायमर मारलेला येतो आणि तुमच्या जुन्या बंपरला ज्या पेंटरनं हात लावला असता तोच पेंटर त्याच बूथमध्ये त्याला रंगवतो. म्हणजे रंग टिकण्या-न टिकण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच. कच्च्या बंपरला तर एक जादा धोका असतो, तो माझ्या कारखान्यातला. वस्तू साच्यातून सुटून यावी म्हणून साच्याला एक स्प्रे मारतात. त्याचा अंश वस्तूवर राहतो. तो नीट धुतला नाही की रंग धरत नाही, आणि पुढे उच्च दाबाच्या पाण्यानं गाडी धुताना केळीच्या सालासारखा लांब पट्ट्यांनी सुटतो. पॉलिप्रॉपिलीनला तसाही रंग सहज चिकटत नाही. त्याच्यासाठीचा वेगळा प्रायमर आधी मारावाच लागतो. पेंटरला मी विचारलं तेव्हा तो हसला, ‘काकू, तुम्ही प्लास्टिकवाल्या दिसता.’ त्यानं डबा काढून दाखवला. जो दाखवत नाही त्याला दुसऱ्यांदा विचारायला संकोच करू नये.

छटा शंभर टक्के जुळेल अशी हट्टी अपेक्षा मात्र धरू नये. कारखान्यातसुद्धा पत्र्याची बॉडी आणि प्लास्टिकचा बंपर सहसा वेगवेगळे रंगवले जातात. पत्रा १४० अंशांच्या भट्टीतून जातो, तेवढ्या उष्णतेत बंपर आपला आकार सोडेल, म्हणून त्याला कमी तापमानाचा रंग. चंदेरी किंवा मोतिया रंगाची नवीकोरी गाडी उन्हात तिरकी बघा, बंपर आणि शेजारचा पत्रा यांत किंचित फरक दिसेल. तो विकत घेताना कुणाला दिसत नाही, दुरुस्तीनंतर सगळ्यांना दिसतो.

इथवर वाचून कुणी समजेल की ही बाई प्रत्येक फुटका बंपर सांधायला सांगते आहे. तसं नाही. तुकडाच गहाळ असेल, बोल्टच्या जागा फाटल्या असतील, बंपरच्याच खाचा एकाहून जास्त ठिकाणी तुटल्या असतील किंवा वर्षानुवर्षं उन्हात राहून प्लास्टिक कडकडीत झालं असेल, तर बदलावा. सांधण्याच्या मजुरीत तसाही नवीन येईल. आणि एका बाबतीत मी पूर्णपणे कार्यशाळांच्या बाजूची आहे, ती म्हणजे बंपरमागचं रडार.

आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणाऱ्या व्यवस्थेचं रडार पुष्कळ गाड्यांत बंपरच्या मागे लपलेलं असतं, बाहेरून दिसतही नाही. त्याच्या ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते. तिच्यासमोर बंपरच्या प्लास्टिकची जाडी, रंगाचे थर, पुट्टी, सगळ्याचा हिशेब होतो, आणि मी वर जिचं कौतुक केलं ती स्टीलची जाळी तर तिथे सरळ भिंतच. म्हणून रडारसमोरच्या भागात दुरुस्ती करू नका असं अनेक उत्पादक स्पष्ट सांगतात. तिथे तडा असेल तर वाद न घालता बदलावा. शिवाय रडारची ब्रॅकेट धक्क्यानं एक अंश फिरली तरी १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे आपल्या लेनमधली गाडी शेजारच्या लेनमध्ये असल्यासारखी वाटू शकते. बंपर काढून बसवल्यावर अशा गाडीला कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची नजर तपासून पुन्हा जुळवणं, सांगितलं तर ते पैसे उकळणं नव्हे. ते केल्याचा कागद मात्र मागून घ्यावा. पार्किंगचे सेन्सर त्या मानानं साधे, ध्वनिलहरींवर चालणारे, पण त्यांच्या तोंडावरही रंगाचे थरावर थर चढवले की ते बिथरतात.

विम्याचं एका वाक्यात सांगते: दावा न केलेल्या वर्षांची सवलत जाणार असेल तर ती रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा, आणि हे गणित अंदाजपत्रकावर सही करण्याआधी करा. ‘क्लेममध्ये बसवू’ हे वाक्य ऐकलं की माणसाचा हिशेब सुटतो. बंपर बदलला की बिल मोठं होतं, दावा करणं मग आपोआप योग्य वाटू लागतं. पट्टी आणि वेल्डिंगवर भागलं असतं हे तेव्हा कुणी सांगत नाही.

माझं मागणं फार नाही. किरकोळ धडकेच्या अंदाजपत्रकाला बंपर उतरवून आतून काढलेला एक फोटो जोडावा, आणि ‘बदलणे’ असं लिहिलं असेल तर त्यापुढे कारणाची एक ओळ: काय तुटलं आहे आणि ते सुटं का मिळत नाही किंवा सांधत का नाही. उतरवण्याची मजुरी गिऱ्हाईक देईल, मी दिली. विमा कंपन्यांच्या सर्व्हेअर मंडळींनी हा फोटो मागायला सुरुवात केली तर कार्यशाळा दुसऱ्या दिवसापासून तो काढू लागतील. काढून टाकलेला जुना बंपरही गिऱ्हाइकाला बघायला मिळावा. पुष्कळदा तो इतका धडधाकट असतो की त्याला भंगारात का घातलं हा प्रश्न त्याच्याकडे बघूनच पडतो.

कुणा पेंटरला किंवा कार्यशाळावाल्याला यातलं काही पटत नसेल तर त्यांनी इथेच उत्तर द्यावं. विशेषतः एक गोष्ट मला खरोखरच समजून घ्यायची आहे. रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र पत्र्यावर चालतं, प्लास्टिकवर नाही. तिथे ध्वनिलहरींचं वेगळं यंत्र लागतं. रडारसमोरचा बंपर रंगवून देताना किती जण ते वापरतात?

आपली,
प्लास्टिकच्या कारखान्यातली एक निवृत्त तपासनीस